टाकीपाशी न जाता केलेली सही : सेफ्टीवाल्यांना आणि संचालनालयाला एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सगळे सेफ्टी ऑफिसर, सेफ्टी कन्सल्टंट, ऑडिटर आणि साइटवरचे सेफ्टी सुपरवायझर,
तसंच मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

नमस्कार मंडळी,

मी पुणे जिल्ह्यातला एक सेफ्टी ऑफिसर. डिप्लोमा मेकॅनिकल, मग भोसरीत सहा वर्षं प्रेसशॉपला सुपरवायझर, मग एडीआयएस (इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा) केलं आणि तेव्हापासून सेफ्टीतच, आता सतरावं वर्ष चालू आहे. नाव टाकत नाहीये कारण नाव आलं की कंपनी ओळखू येते आणि मग विषय त्या कंपनीचा होऊन बसतो, मला तो आपल्या पेशाचा ठेवायचाय. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, लिहून ठेवायचो आणि खोडायचो, पण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या कन्सल्टंटचा फोन आला की "साहेब तुमच्या जुन्या ऑडिट रिपोर्टची वर्डफाइल पाठवा ना, एक युनिट अर्जंट करून द्यायचंय", आणि मला तेरा वर्षांपूर्वीचा एक दिवस जसाच्या तसा आठवला.

तेव्हा मी कोकणातल्या एका केमिकल प्लांटला होतो, जॉइन होऊन पाच-सहा महिने झाले असतील. वर्षाचं एक्स्टर्नल ऑडिट झालं, कन्सल्टंट आले, कॉन्फरन्स रूममध्ये बसले, रजिस्टरं मागवली, जेवण झालं, प्लांटला एक चक्कर मारली ती पण मेन रोडने, आणि चार वाजता गेले. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, साठ-पासष्ट पानांचा. मी चाळला. शेरे साधेच होते, फायर एक्स्टिंग्विशरचं टॅग जुनं आहे, पिवळी पट्टी पुसट झालीये, असले. कन्फाइन्ड स्पेसच्या, म्हणजे टाकी-चेंबरसारख्या बंदिस्त जागांच्या, पानावर गॅस डिटेक्टर "उपलब्ध, कॅलिब्रेटेड" आणि रेस्क्यू ट्रायपॉड (आतल्या माणसाला बाहेरून वर ओढायची तिपाई) "उपलब्ध" अशी टिकमार्क होती. मी पहिल्या पानावर "तपासले" म्हणून सही केली आणि फाइल वर पाठवली. डिटेक्टर ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) कपाटात होता हे मला माहीत होतं. तो चालू होतो का हे मी बघितलं नव्हतं. ट्रायपॉड तर कधी खरेदीच झाला नव्हता.

त्याच पावसाळ्यात ईटीपीच्या टाकीतला पंप अडकला. रविवार होता, दुसरी पाळी. ठेकेदाराचा हेल्पर, झारखंडचा पोरगा, शिडीने खाली उतरला आणि दोन मिनिटांत आडवा झाला, त्याला काढायला त्याच्यामागे ऑपरेटर उतरला, तोही पडला. ऑपरेटर वाचला, अकरा दिवस आयसीयूत होता. हेल्पर गेला. तेवीस वर्षांचा होता.

मला बोलावलं तेव्हा मी घरी होतो, पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा मोठा भाऊ आला, तो दुसऱ्या एमआयडीसीत वेल्डर होता, त्याला कामातलं कळत होतं. तो रडला नाही, ओरडला नाही, मला एवढंच म्हणाला, "गॅस चेक करनेवाली मशीन कहाँ रहती है, मुझे दिखाओ." मी त्याला घेऊन गेलो, कपाट उघडलं, मशीन काढली, बटण दाबलं, लागली नाही. बॅटरी डेड. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत कपाटात ठेवली.

पुढे चौकशीत रिपोर्टची पानं निघाली तेव्हा कळलं की एकतिसाव्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, कॉपीपेस्ट करताना राहून गेलेलं. सगळे कन्सल्टंटवर तुटून पडले आणि ते बरोबरच होतं, पण पहिल्या पानावरची सही माझी होती हे कुणीच मोठ्याने बोललं नाही. ते मी आज बोलतोय.

कन्सल्टंटचं काय झालं विचाराल तर काही नाही. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या युनिटांचे रिपोर्ट करत होता. माझंही काही झालं नाही. आपल्या पेशात सही चुकीची निघाली तर सही करणाऱ्याला जाब विचारणारं आपल्या पेशाचं कौन्सिल नाही, मला या पत्रात खरं तर हीच एक गोष्ट सांगायचीये, बाकी सगळं तिच्याच भोवती आहे.

बघा ना, डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे, नोंदणी जाऊ शकते. वकिलाला बार कौन्सिल आहे. सीएला 1949 पासून स्वतःचा कायदा आहे, शिस्तपालन समिती आहे, आणि 2019 पासून तर सीएने सर्टिफिकेट दिलं की त्यावर 18 आकडी-अक्षरी युडिन नंबर टाकावाच लागतो, म्हणजे बँकेतला माणूस तो नंबर टाकून दोन मिनिटांत बघतो की हे खरंच त्या सीएने दिलंय का. पैशाच्या हिशोबाला एवढी काळजी. आणि ज्या सहीवर माणूस टाकीत उतरतो, क्रेनखाली उभा राहतो, रिअ‍ॅक्टरपाशी रात्रपाळी करतो त्या सहीच्या मागे असं कौन्सिल नाही, असा नंबर नाही. उद्या कुणीही लेटरहेड छापून "सेफ्टी कन्सल्टंट" लिहू शकतो, आणि लिहितायत.

कायद्यात काहीच नाही असं नाही हं. सेफ्टी ऑफिसर हे पद कारखाने अधिनियमात 1976 च्या दुरुस्तीने आलं, कलम 40-ब. भोपाळ झालं डिसेंबर 1984 ला, त्यानंतर 1987 ला घातक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण कायद्यात आलं. आपल्या राज्याचे सेफ्टी ऑफिसरचे नियम 1982 चे आहेत, त्यात शिक्षण काय पाहिजे, सुपरवायझरी अनुभव किती पाहिजे, इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा पाहिजे, हे सगळं लिहिलंय. पण ते नोकरीवरच्या ऑफिसरला, आणि तेही नोकरी लागतानाच्या दिवसापुरतं. एकदा डिप्लोमा झाला की पुढची तीस वर्षं तुम्ही एक पान वाचलं नाही तरी चालतं. मी 2008-09 ला जे शिकलो त्यातलं निम्मं आज जुनं झालंय, लिथियम बॅटरीची आग, रोबोट सेल, सोलर पॅनल लावताना छपरावरचं काम, हे आमच्या अभ्यासात नव्हतंच.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन ओएसएच कोड, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांचा नवा केंद्रीय कायदा, लागू झालाय. त्यात साध्या कारखान्याला 500 कामगार झाले की सेफ्टी ऑफिसर, घातक प्रक्रिया असेल तर 250, बांधकामाला 250, खाणीला 100. आधी साध्या कारखान्याची मर्यादा 1000 होती, म्हणजे ऑफिसर लागणाऱ्या जागा वाढणार, चांगलंच आहे. पण मला सांगा, डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या किती केमिकल युनिटांत 250 माणसं असतात? तीस, साठ, ऐंशी. रिअ‍ॅक्टर तिथेच, सॉल्व्हंटचे ड्रम तिथेच, आणि पूर्णवेळ सेफ्टीचा माणूस नाही. 7 जून 2021 ला मुळशीत उरवड्याला आग लागली, 17 कामगार गेले, त्यात बहुतेक बायका होत्या. डोंबिवलीत 26 मे 2016 ला स्फोट झाला आणि आठ वर्षांनी, 23 मे 2024 ला, त्याच एमआयडीसीत परत झाला. मी त्या प्रकरणांत कोण दोषी ते सांगायला बसलो नाहीये, ते कोर्टाचं काम. मला एवढंच दिसतं की अशा छोट्या युनिटांना सेफ्टीचा सल्ला देणारा माणूस म्हणजे वर्षातून एक-दोनदा येणारा कन्सल्टंट, बाकी कुणी नाही. जिथे धोका जास्त तिथे आपला माणूस पाहुणा आहे. मग तो पाहुणा तरी पक्का पाहिजे ना.

आणि तो कसा निवडला जातो? तीन कोटेशन मागवतात, सगळ्यात स्वस्त ते घेतात. मी स्वतः असले कोटेशन बघितलेत की ज्यात येण्याजाण्याचं पेट्रोलसुद्धा सुटणार नाही, मग तो माणूस दोन दिवस प्लांटमध्ये फिरणार कसा? तो एका दिवसात तीन युनिटं करतो आणि रिपोर्ट जुन्या फाइलीवरून बनवतो. काही ठिकाणी तर ऑडिट करणाराच एक्स्टिंग्विशर भरून देतो, हेल्मेट-शूज सप्लाय करतो, ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन पण त्यानेच लिहिलेला असतो आणि ऑडिटला तोच प्लॅन तपासून "उत्तम" लिहितो. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत ऑडिट त्या उद्योगाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून करून घ्यावं असं स्पष्ट लिहिलंय. ऑडिट कसं करायचं याला आयएस 14489 हे भारतीय मानक आहे, 1998 चं, 2018 ला सुधारलेलं. कागद आहेत हो, आपणच ते पाळत नाही.

कन्सल्टंट मित्रांनो, राग मानू नका, तुमच्यात फार चांगली माणसं आहेत, माझे दोन गुरू कन्सल्टंटच आहेत. एक तर असे होते की प्लांटला आले की आधी बूट बदलायचे आणि थेट ड्रेनेजच्या चेंबरपाशी जायचे, म्हणायचे ऑफिसात काय आहे ते मला शेवटी दाखवा. कंट्रोल रूममध्ये बसून ऑपरेटरला विचारायचे की हा अलार्म शेवटचा कधी वाजला आणि तू तेव्हा काय केलंस. त्यांचा रिपोर्ट अकरा पानांचा असायचा. त्या अकरा पानांतलं एकही वाक्य दुसऱ्या कंपनीला चिकटवता आलं नसतं.

आता ज्ञानाचं बोलतो, कारण सगळा दोष पैशाचा नाही. मी पेंटशॉपला सॉल्व्हंटच्या वाफेत काम करणाऱ्या पोरांना साधा डस्ट मास्क दिलेला बघितलाय, आणि तो सेफ्टीवाल्याने पास केलेला होता. डस्ट मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते, तिथे वाफ शोषणारा ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज लागतो आणि तो कार्ट्रिज किती दिवसांनी बदलायचा याचं पण गणित असतं. मास्क घातलाय म्हणून पोरगं बिनधास्त वाकून काम करतं, म्हणजे चुकीचा मास्क दिल्याने ते उलट जास्त धोक्यात गेलं.

हार्नेसचं बघा. चार मीटरच्या शेडवर माणूस चढवला, फुल बॉडी हार्नेस आहे, शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाली दोरी आहे, फोटो काढला, छान. पण दोरी 1.8 मीटर, पडल्यावर अ‍ॅब्सॉर्बर फाटून मीटरभर किंवा जास्तच लांबतो, त्याखाली माणसाची उंची, शिवाय थोडं सुटं अंतर, सगळं धरलं तर अँकरच्या (दोरी जिथे अडकवतो त्या जागेच्या) खाली साडेपाच-सहा मीटर मोकळं पाहिजे. अँकर त्याच्या पायाशीच, चार मीटरवर आहे. म्हणजे तो हार्नेस घालून जमिनीवर आपटणार. हे गणित पाचवीतलं आहे, पण साइटवर किती जण करतात? मी माझ्या टीममध्ये विचारलं तेव्हा आठपैकी दोघांना आलं, आणि त्यातली एक नुकतीच लागलेली मुलगी होती.

आणि ती टाकी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाला साचतो, वरून डिटेक्टर दाखवून ओके लिहिलं तर ते ओके वरच्या हवेचं असतं. वर, मध्ये, खाली असं तिन्ही ठिकाणी बघायचं असतं. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रमाण वाढून 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, आणि खाली उतरणाऱ्याला वाटतं गॅस गेला. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाचवायला दुसऱ्याने उतरायचं नाही, बाहेरून ओढायची सोय आधी लावायची, नसेल तर परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगीच, द्यायची नाही. हे मला तेव्हा पण पाठ होतं. परीक्षेत यावर पूर्ण मार्क होते मला. म्हणून म्हणतो, नुसती परीक्षा पुरत नाही, माणसाने आपल्यासमोर डिटेक्टरचा बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन तो वाजतो का बघणं) करून दाखवला पाहिजे, ट्रायपॉड उभा करून दाखवला पाहिजे, आणि हे दर काही वर्षांनी परत.

आजारांबद्दल तर आपण बोलतच नाही. आपल्या पदाला सेफ्टी ऑफिसर म्हणतात म्हणून की काय, आरोग्य हे डॉक्टरचं काम असं आपण ठरवून टाकलंय. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 आजार होते जे कळवावे लागायचे, त्यात सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. तुमच्यापैकी किती जणांनी आख्ख्या करिअरमध्ये एक तरी केस कळवलीये? मी दोन. प्रेसशॉपमधले जुने ऑपरेटर मोठ्याने बोलतात, टीव्ही मोठा लावतात, घरचे वैतागतात, आणि आपण त्यांच्या रजिस्टरमध्ये दरवर्षी "नॉर्मल" लिहितो. माझ्या स्वतःच्या डाव्या कानाला भोसरीतली ती सहा वर्षं अजून ऐकू येतात, म्हणून हे जरा जास्तच मनाला लागतं.

भाषेचं एक सांगतो. सेफ्टी ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला पाहिजे अशी अट आहे. ती अट लिहिली तेव्हा आपल्याकडे भाषा म्हणजे मराठी होती. आज चाकणला, तळोजाला ठेकेदाराची निम्मी माणसं बिहार, यूपी, ओडिशा, झारखंडची आहेत. आणि आपण इंडक्शनला इंग्रजी पीपीटी लावतो, शेवटी सह्या घेतो, झालं ट्रेनिंग. ओडिया पोराला "हॉट वर्क परमिट" (वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाची परवानगी) म्हणजे काय कळलं का हे त्याच्याकडून करवून बघितल्याशिवाय कसं कळणार? मी आता इंडक्शन वर्गात घेणं बंद केलंय, शेडमध्ये नेतो, वस्तू हातात देतो, आणि जुन्या कामगारांपैकी त्याच्या गावाकडचा कुणीतरी बरोबर ठेवतो. वेळ जास्त जातो, प्रॉडक्शनवाले कुरकुर करतात, करू देत.

नोकरीवाल्या सेफ्टी ऑफिसर बंधू-भगिनींनो, आपल्यावर काय काय लादलेलं असतं ते मला माहितीये. कँटीन, बस, सिक्युरिटी, गार्डन, ईएसआयसीचे कागद, 4 मार्चला सुरक्षा दिनाचे बॅनर आणि पोस्टर स्पर्धा. नियमात मात्र लिहिलंय की सेफ्टी ऑफिसरला त्याच्या कामाच्या आड येणारं दुसरं काम देऊ नये, आणि त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावं. प्रत्यक्षात आपण एचआरच्या नाहीतर प्रॉडक्शनच्या हाताखाली, म्हणजे ज्याचं मशीन बंद करायचं त्याच्याचकडून आपलं अप्रेझल. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर) बायपास करून प्रेस चालू आहे हे दिसतं, थांबवलं तर डिस्पॅच चुकतो, नाही थांबवलं तर एखाद्याची बोटं जातात, आणि आपण त्या दोन्हीच्या मध्ये उभे असतो. हे एकट्याने निभावणं अवघड आहे, त्यासाठीच तर पेशा म्हणून एकत्र यायचं असतं. एकट्या ऑफिसरने परमिट नाकारलं तर तो "अडवणारा" ठरतो. पण जर सगळ्यांनाच माहीत असेल की खोटी सही केली तर याची नोंदणी जाते, तर तोच ऑफिसर प्लांट हेडला सांगू शकतो की साहेब मला करताच येत नाही. कडक नियम आपल्याला त्रास द्यायला नकोत, आपल्याला आधार म्हणून पाहिजेत.

तर संचालक साहेब, आता तुमच्याकडे येतो. कोडमध्ये सेफ्टी ऑफिसरची पात्रता, अनुभव, कर्तव्यं सरकारने नियमांनी ठरवायची आहेत, आणि त्रयस्थ तज्ज्ञांकडून ऑडिट करून घ्यायची पण तरतूद आहे. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या सहीवर सरकार आणखी अवलंबून राहणार. म्हणूनच आत्ताच मागतोय. राज्यात सेफ्टीचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाची, नोकरीवाला असो की कन्सल्टंट, एकच जाहीर नोंदवही ठेवा, कुणालाही मोबाइलवर बघता येईल अशी, त्यात तो कशातला माणूस आहे तेही लिहा, कारण बांधकामातला माणूस रिअ‍ॅक्टरचं ऑडिट करायला लागला की गडबड होते. प्रत्येक ऑडिट रिपोर्टला, प्रत्येक क्रेन-होइस्ट-प्रेशर व्हेसलच्या सर्टिफिकेटला सीएच्या युडिनसारखा नंबर द्या, आणि तो नंबर निघताना त्या दिवशीचं जागेवरचं लोकेशन आणि फोटो मागा. एका माणसाच्या नावावर एका दिवसात तीन जिल्ह्यांतली चार ऑडिटं निघाली तर ते कॉम्प्युटरला पण कळेल, त्यासाठी माणूस लागणार नाही.

नोंदणी पाच वर्षांची ठेवा, आणि ती वाढवताना नुसती फी घेऊ नका, काय नवीन शिकलात आणि हाताने काय करून दाखवलंत ते बघा. सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे, प्रशिक्षणाला जागा नाही असं आपल्या राज्याला तरी म्हणता येणार नाही. छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूरच्या लोकांना मुंबईला खेटे घालायला लागू नयेत एवढं बघा. आणि मृत्यू झाला की चौकशीत शेवटचं ऑडिट कुणी केलं, त्यात त्या जागेबद्दल काय लिहिलं होतं हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जाऊ दे. खोटं लिहिलेलं निघालं तर एक समिती असू दे, त्यात आपल्या पेशातली माणसं, एक डॉक्टर आणि कामगारांचा एक प्रतिनिधी, आणि तिला नोंदणी थांबवायचा अधिकार असू दे.

ब्रिटनमध्ये 2010 ला एक सरकारी अहवाल आला, की कुणीही उठून सेफ्टी कन्सल्टंट होतोय आणि लोकांना चुकीचे सल्ले मिळतायत, आणि 2011 ला तिथे कन्सल्टंटचं रजिस्टर चालू झालं. त्यात यायला वरच्या पातळीची व्यावसायिक पात्रता लागते, शिकत राहिल्याचा पुरावा लागतो, विमा लागतो. पण ते ऐच्छिक आहे, ज्याला यायचं तो येतो. आपल्याकडे ऐच्छिक ठेवलं तर चांगली माणसं येतील आणि ज्यांच्यासाठी हे करायचं ते बाहेर राहतील, त्यामुळे ते सक्तीचंच पाहिजे.

मला माहितीये लोक काय म्हणणार. छोट्या युनिटवाल्यांचा खर्च वाढेल. वाढेल, हो. पण एका एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस युनिटांनी मिळून एक चांगला पूर्णवेळ माणूस ठेवला तर तो परवडतो, असोसिएशनने त्याचा पगार द्यायचा म्हणजे तो एका मालकाच्या दबावाखाली राहणार नाही. दुसरं म्हणणार की परत इन्स्पेक्टर राज येईल. उलट आहे, इन्स्पेक्टर कमी आहेत म्हणूनच आपली सही खरी पाहिजे.

एक शब्द सेफ्टीचे कोर्स चालवणाऱ्यांना. सहा महिन्यांत, काही ठिकाणी सहा आठवड्यांत, "सेफ्टी ऑफिसर व्हा, गल्फला जा" असे बोर्ड तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत लागलेत. रत्नागिरी, चिपळूणकडची पोरं घरचं सोनं गहाण ठेवून फी भरतात. कोर्स करा, निबॉशची ब्रिटिश सेफ्टी परीक्षा द्या, गल्फला पण जा, त्यात काही वाईट नाही, तिकडून शिकून आलेले चांगले लोक माझ्या ओळखीचे आहेत. पण ज्या पोराने आयुष्यात एकदाही चालू प्लांट बघितला नाही त्याला तुम्ही हातात सर्टिफिकेट देऊन टॉवर क्रेनखाली उभं करताय, आणि तिथे काही झालं तर पहिला तोच अडकतो. निदान तीन महिने तरी त्याला कुणा अनुभवी माणसाच्या मागे फिरवा आणि मगच कागद द्या.

मी माझ्यापुरतं काय चालू केलंय ते सांगून थांबतो. त्या वर्षानंतर मी "तपासले" हा शब्द लिहिणं बंद केलं. मी लिहितो, "अमुक तारखेला इतक्या वाजता मी स्वतः चालू करून बघितले", आणि जे बघितलं नाही त्यासमोर "बघितले नाही" असं लिहितो. सुरुवातीला वरून फोन यायचे की हे काय लिहिलंय, ऑडिटला वाईट दिसतं. आता येत नाहीत. एवढं तरी नोंदवही आणि युडिनची वाट न बघता उद्यापासून करता येतं, तुमच्यातल्या कुणालाही.

त्या कन्सल्टंटला मी वर्डफाइल पाठवली नाही. त्याला म्हटलं, युनिट कुठलं ते सांग, शनिवारी मला सुट्टी आहे, मी बरोबर येतो, दोघं मिळून बघू. त्याने दोन दिवसांनी पत्ता पाठवला. पस्तीस माणसांचं युनिट आहे, मागे ईटीपी आहे, आणि गॅस डिटेक्टर आहे का विचारलं तर म्हणाला कपाटात आहे. आम्ही या शनिवारी जातोय.

आपला,
एक सेफ्टी ऑफिसर, पुणे जिल्हा